‘आहार आणि व्यायामाच्या जोडीने’: वैद्यकीय देखरेखीखाली वजन घटवणे म्हणजे नेमके काय?

वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांची चर्चा गेली काही वर्षे बातम्यांमधून थांबलेली नाही. कोणाचे किती किलो उतरले, कोणती कंपनी पुढे गेली, तेच औषध गोळीच्या रूपात कधी येणार, हे सारे छापून येते. या औषधांच्या माहितीपत्रकात मात्र एक अर्धे वाक्य असते, जे बातमीपर्यंत क्वचितच पोहोचते: हे औषध कमी उष्मांकांचा आहार आणि वाढीव शारीरिक हालचाल यांच्या जोडीने वापरावयाचे आहे. ‘तब्येतीची काळजी घ्या’ असा एखादा सवयीचा निरोप वाचावा तसे आपण ते वाक्य वाचतो आणि पुढे जातो. वास्तविक त्या अर्ध्या वाक्यामागे एक संपूर्ण उपचारपद्धती उभी आहे, तिच्यावर हजारो लोकांच्या सहभागाने अनेक वर्षे चाललेल्या चाचण्या झालेल्या आहेत, आणि ‘कमी खा, जास्त चाला’ या फुकटच्या सल्ल्याशी तिचे नाते फार दूरचे आहे. या लेखात त्या पद्धतीची ओळख करून घ्यायची आहे.

## आधी थोडी शब्दांची ओळख

वैद्यकीय देखरेखीखालचा जीवनशैली कार्यक्रम म्हणजे प्रौढ व्यक्तीसाठी आखलेला, सहसा वर्षभर किंवा त्याहून अधिक चालणारा उपचार. त्यात आहार, हालचाल आणि सवयी या तिन्हींवर एकत्र काम होते आणि त्या सगळ्यावर डॉक्टरांचे लक्ष असते. मोठ्या रुग्णालयात यासाठी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक असा चमू असतो. लहान ठिकाणी एकच प्रशिक्षित व्यक्ती यांतली दोन-तीन कामे सांभाळते.

या उपचाराची मात्रा भेटींच्या संख्येत मोजतात. गोळीची मात्रा जशी मिलिग्रॅममध्ये असते, तशी इथे ती महिन्याला किती वेळा आणि किती महिने अशी असते. अमेरिकेतील हृदयरोग आणि स्थूलता या विषयांतल्या संघटनांनी २०१३ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सहा महिन्यांत किमान १४ भेटी सांगितल्या आहेत, म्हणजे सरासरी दर तेरा दिवसांनी एक. सुरुवातीला या भेटी आठवड्याला होतात, मग पंधरवड्याने आणि पुढे महिन्याने. वर्षातून दोनदा डॉक्टरांकडे जाऊन ‘वजन कमी करा’ हे ऐकून घरी येणे याला कोणत्याही अर्थाने हा उपचार म्हणता येणार नाही.

दुसरा शब्द बीएमआय. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ७७ किलो वजनाच्या व्यक्तीचा बीएमआय ३० भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात २५ पासून पुढे अतिवजन आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा मानतात. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका आधीच वाढू लागतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे आकडे लक्षात घेण्याची शिफारस २००४ पासून आहे. हा आकडा स्नायू आणि चरबी यांत फरक करत नाही. त्यामुळेच जानेवारी २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने असे सुचवले की, बीएमआयबरोबर कंबरेचा घेर किंवा चरबीचे प्रत्यक्ष मोजमाप घ्यावे, आणि वाढलेल्या चरबीमुळे अवयवांच्या कामात बिघाड झाला आहे की नाही हे वेगळे तपासावे. बिघाड झाला असेल तर तो आजार समजून उपचार करावेत, झाला नसेल तर तो पुढचा धोका समजून लक्ष ठेवावे, असा त्याचा आशय आहे.

## शरीर वजन धरून का ठेवते?

खाल्लेले उष्मांक आणि खर्च झालेले उष्मांक यांच्या वजाबाकीवर वजन ठरते, हे खरेच आहे. (उष्मांक म्हणजे किलोकॅलरी, रोजच्या बोलण्यात आपण तिलाच नुसती कॅलरी म्हणतो.) अडचण अशी आहे की या वजाबाकीतले दोन्ही आकडे स्थिर राहत नाहीत, एकाला हात लावला की दुसरा हलतो. एखाद्या कुटुंबाची मिळकत घटली की ते खर्चाला हात आखडता घेते, दिवे लवकर मालवते, प्रवास टाळते, जुने कपडे आणखी एक वर्ष वापरते. शरीर हेच करते. वजन उतरले की लहान झालेल्या शरीराला मुळातच कमी ऊर्जा लागते आणि त्यावर शरीर स्वतःहून आणखी थोडी काटकसर करते. पण घरखर्चाच्या उदाहरणात न बसणारी आणि जास्त त्रासदायक गोष्ट पुढे आहे. शरीर त्याच वेळी मिळकत पूर्ववत करण्यासाठी धडपडू लागते, म्हणजे भूक वाढते.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात या दोन्ही बाजूंचा अंदाज काढलेला आहे. दर किलो वजन घटल्यावर दिवसाचा ऊर्जाखर्च साधारण २० ते ३० उष्मांकांनी कमी होतो, आणि भुकेचा रेटा मात्र साधारण १०० उष्मांकांनी वाढतो. सहा किलो उतरलेल्या माणसाचा हिशेब मांडून पाहावा. त्याचा दिवसाचा खर्च सव्वाशे ते पावणेदोनशे उष्मांकांनी कमी झालेला असतो, आणि आत बसलेली भूक त्याला पूर्वीपेक्षा सुमारे ६०० उष्मांक जास्त खायला सांगत असते. हे रोज, प्रत्येक जेवणाला, न थकता. सहा ते आठ महिन्यांनी बहुतेकांचे वजन एका जागी अडते, त्याचा मोठा भाग या हिशेबात आहे. त्या टप्प्यावर माणूस आळशी झालेला नसतो. ज्या श्रमाने तो आधी उतार उतरत होता, तेवढेच श्रम आता त्याला केवळ जागेवर टिकून राहण्यासाठी लागत असतात.

हा रेटा किती दिवस टिकतो? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जादा वजनाच्या व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार देऊन वजन उतरवले आणि त्यानंतर त्यांच्या रक्तातील भुकेशी संबंधित संप्रेरके मोजत राहिले. तृप्तीचा निरोप देणारे, चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन घटलेले होते आणि भूक जागवणारे, जठरातून येणारे घ्रेलिन वाढलेले होते. वर्षभरानंतरही ही संप्रेरके मूळ पातळीवर परतलेली नव्हती आणि त्या लोकांना पूर्वीपेक्षा जास्त भूक लागत होती.

हे समजल्यावर ‘इच्छाशक्ती कमी पडली’ असा शेरा मारणे मला सरळ अन्यायाचे वाटते. म्हशीला झालेल्या रोगाचे औषध पखालीला देण्यासारखेच ते आहे. वर्षानुवर्षे रेटत राहणाऱ्या शक्तीला तोंड द्यायचे असेल, तर आधारही वर्षानुवर्षे टिकणारा हवा, ही या कार्यक्रमांमागची मूळ कल्पना आहे.

## डॉक्टर कशासाठी? हे काम आहारतज्ज्ञाचे नाही का?

पहिल्या भेटीत काय घडते ते जरा जवळून पाहू. समजा, वर उल्लेख केलेल्या बांध्याच्या, ५२ वर्षांच्या एक बाई आल्या आहेत. त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांचे वजन घेतले जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडल्यावर, कंबरेचा घेर मोजला जातो. रक्तदाब बसून आणि मग उभे राहून असा दोनदा पाहिला जातो. त्यानंतर डॉक्टर त्यांना घरून आणलेली औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतात.

आता डॉक्टर प्रत्येक पाकीट उचलून बघतात. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, झोप लागत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी सुरू झालेले मिर्टाझापिन, आणि दम्याचा त्रास बळावला की घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. यांतल्या तीन औषधांनी वजन वाढू शकते: स्टेरॉइड, मिर्टाझापिन आणि काही प्रमाणात ग्लिमेपिराइडसुद्धा. इन्सुलिन, मनोविकारांवरची काही औषधे, अपस्मारावरचे व्हॅलप्रोएट हीसुद्धा याच यादीतली. ही औषधे चुकीची असतात असे मुळीच नाही, आणि ती स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. पण त्यांना पर्याय आहे का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि ज्ञान डॉक्टरांकडेच असते. ‘दोन वर्षांत नऊ किलो वाढले, खाण्यात तर काहीच बदल नाही’ असे सांगणाऱ्या माणसावर सारे जण अविश्वास दाखवत आलेले असतात. त्याचे उत्तर कधी कधी त्या पिशवीत सापडते.

याच्या उलट बाजूचा धोका जास्त तातडीचा आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग समोर अन्न असो वा नसो. या बाईंनी उत्साहाच्या भरात सोमवारपासून खाणे निम्म्यावर आणले आणि गोळी तेवढीच ठेवली, तर दोन-तीन दिवसांत त्यांची साखर एकदम उतरून घाम, थरथर, गोंधळ आणि बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते. वजन आणि मीठ कमी झाले की रक्तदाबही उतरतो आणि जुन्याच गोळ्या भारी पडून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून चांगला कार्यक्रम आहार बदलण्याच्या दिवशीच, कधी त्याआधी, औषधांच्या मात्रा बदलतो आणि पहिले काही आठवडे साखर व रक्तदाब यांची नोंद मागवतो. गाडी शिकणाऱ्याच्या शेजारी प्रशिक्षक बसतो आणि त्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, तशी ही व्यवस्था आहे. बहुतेक वेळ तो ब्रेक दाबावा लागत नाही.

याखेरीज थायरॉइडचा बिघाड, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य, अनावर खाण्याचे झटके येणे, अशा गोष्टी सुरुवातीलाच शोधाव्या लागतात. वजन फार वेगाने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. दिवसाला ८०० हून कमी उष्मांकांच्या आहारात तर क्षारांचे संतुलन बिघडू शकते, म्हणून तो वैद्यकीय देखरेखीशिवाय कधीच करू नये. हा इशारा हवेतला नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निकृष्ट प्रथिनांपासून बनवलेल्या द्रवरूप आहाराची लाट आली होती. केवळ त्यावर अनेक आठवडे राहिलेल्या कित्येकांचा हृदयाची लय बिघडून मृत्यू झाला, त्यांत बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या तरुण स्त्रियाही होत्या.

## याने खरेच काही होते, याचा पुरावा काय?

सर्वांत महत्त्वाची चाचणी अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. साखर वाढलेली, पण मधुमेह न झालेले ३,२३४ लोक तिच्यात होते. एका गटाला मेटफॉर्मिन ही गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि तिसऱ्याला जीवनशैली कार्यक्रम देण्यात आला. तिसऱ्या गटाचे लक्ष्य ऐकून अनेकांना ते फारच माफक वाटेल: वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याइतकी हालचाल. आपल्या ७७ किलोच्या बाईंच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे जेमतेम साडेपाच किलो. प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता आणि पहिल्या २४ आठवड्यांत १६ पाठ होते. सरासरी पावणेतीन वर्षांनी पाहिले तेव्हा औषधविरहित गोळीच्या तुलनेत मधुमेह होण्याचे प्रमाण मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी, आणि कार्यक्रमाने ५८ टक्क्यांनी घटलेले होते. फिनलंडमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या लहान चाचणीतही ५८ टक्के हाच आकडा आला होता.

या चाचणीतली एक बारीक नोंद मला निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते. ७ टक्क्यांचे लक्ष्य सहा महिन्यांच्या सुमारास निम्म्या लोकांनी गाठले होते आणि शेवटच्या भेटीत ते ३८ टक्के लोकांकडेच उरले होते. म्हणजे बहुसंख्यांनी ‘लक्ष्य चुकवले’, तरीही एकूण गटाचा मधुमेह निम्म्याहून जास्त टळला. पुढे दहा वर्षांपर्यंत पाहिले तेव्हा उतरलेल्या वजनातले बरेचसे परत आले होते, पण मधुमेहाचे प्रमाण तरीही ३४ टक्क्यांनी कमीच होते.

ब्रिटनमधील २०१७ ची चाचणी याहून धाडसी होती. सहा वर्षांच्या आत मधुमेह झालेल्या सुमारे ३०० लोकांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५० उष्मांकांचे तयार पेय-सूप देण्यात आले, मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी थांबवण्यात आली, आणि नंतर नेहमीचे अन्न पायरीपायरीने परत आणले गेले. हे सारे कुटुंबाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांतून, प्रशिक्षित परिचारिका आणि आहारतज्ज्ञांच्या हातून झाले. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली होती; नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे १५ किलो किंवा जास्त वजन उतरले, त्यांच्यात ते ८६ टक्के निघाले. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले होते.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणे योग्य नाही. मधुमेह असलेल्या ५,१४५ लोकांवर अमेरिकेत जवळपास दहा वर्षे चाललेल्या आणखी एका चाचणीत कार्यक्रमाच्या गटाचे वजन पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के आणि अखेरीस ६ टक्के घटलेले होते. तरीही हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात हा कार्यक्रम न मिळालेल्या गटापेक्षा कमी झाले नाहीत, आणि चाचणी २०१२ मध्ये त्या कारणाने थांबवण्यात आली. चालणे-फिरणे सुधारले, झोपेतला श्वासाचा त्रास आणि औषधांची गरज कमी झाली, मूत्रपिंडाचे गंभीर विकार घटले. परंतु ज्या एका प्रश्नासाठी ती चाचणी मांडली होती, त्याचे उत्तर नकारार्थी आले. त्यामुळे ‘या कार्यक्रमाने हार्ट अटॅक टळतो’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ते पुराव्याच्या पुढे जाऊन बोलणे आहे.

## ‘डाएटचा तक्ता तर मोबाइलवर फुकट मिळतो’

मिळतो, आणि कदाचित चांगलाही असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६०९ जणांना वर्षभर एक तर कमी स्निग्धांचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार देण्यात आला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो घटले. हा फरक नगण्य होता. पण दोन्ही गटांत कोणाचे वीस-पंचवीस किलो उतरले, तर कोणाचे चक्क वाढले. तक्ता कोणता होता यापेक्षा तो कोणाला किती दिवस पाळता आला, याने जास्त फरक पडला, असाच त्याचा अर्थ मी घेतो. आणि दोन्ही गटांना मिळून एक गोष्ट समान मिळाली होती: मार्गदर्शनाची २२ सत्रे.

भेटीत नेमके काय होते, याचे एक छोटे चित्र देतो. आहाराची वही उघडलेली असते. सकाळपासून दुपारपर्यंतच्या नोंदी नीट, वेळेसह, प्रमाणासह आहेत. दुपारी साडेचारनंतर अक्षर घाईचे होते आणि साडेसात ते दहा या वेळात एकही नोंद नाही. आहारतज्ज्ञ त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून इतकेच विचारतात, “या वेळेत घरात काय चाललेले असते?” मग कळते की कामावरून आल्यावर आजारी आईचे सारे करायचे असते, जेवण उभ्याने होते, आणि सगळे झोपल्यावर मिळणारा पहिला निवांत क्षण खाण्याबरोबर जातो. पुढच्या पंधरवड्याची योजना या अडीच तासांभोवती आखली जाते. तक्त्याला हे विचारता येत नाही.

नोंद महत्त्वाची का, हे १९९२ सालच्या एका अभ्यासातून लख्ख दिसले. ‘दिवसाला १,२०० उष्मांकांच्या आत खाऊनही वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या व्यक्तींचा खरा ऊर्जाखर्च आणि आहार प्रयोगशाळेच्या अचूक पद्धतींनी मोजला, तेव्हा त्यांचा चयापचय ठीक निघाला. खाणे मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलेले होते. ते खोटे बोलत नव्हते. माणसाला स्वतःच्या खाण्याचा अंदाज येत नाही, सडपातळ माणसालाही येत नाही. म्हणून ही वही आरोपपत्र म्हणून वाचणारा मार्गदर्शक वाईट आणि नकाशा म्हणून वाचणारा चांगला, इतका साधा निकष लावता येतो.

## ‘इंजेक्शन आले, आता हे सारे कशाला?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि आकडेही त्याच्या बाजूने बोलतात. भूक कमी करणाऱ्या या इंजेक्शनांपैकी एक असलेल्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत औषधाच्या गटाचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले, तर औषधविरहित गटाचे २.४ टक्के. दर चार आठवड्यांनी समुपदेशन दोघांनाही मिळत होते. म्हणजे नुसत्या समुपदेशनाने अडीच टक्केसुद्धा नाही. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या चाचणीत समुपदेशन ३० सत्रांपर्यंत वाढवले आणि सुरुवातीला आठ आठवडे कमी उष्मांकांचा आहार दिला, तेव्हा औषधविरहित गटाची घट ५.७ टक्क्यांवर गेली. औषधाच्या गटाची झाली १६ टक्के. दोन वेगळ्या चाचण्यांची तुलना सावधपणेच करावी लागते, तरी दोन गोष्टी दिसतात. भेटींची मात्रा वाढवली की कार्यक्रमाचा परिणाम वाढतो, हे एक. आणि औषध सुरू असताना त्या जादा भेटींनी काट्यावर फारशी भर पडत नाही, हे दुसरे. ही दुसरी गोष्ट कार्यक्रमाच्या समर्थकांनी मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

मग जोड कशाला? कारण काटा फक्त एकूण वजन सांगतो. उतरणाऱ्या वजनात साधारण पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, चरबीखेरीज इतर भागाचा असतो आणि त्यात स्नायू असतात. भूक मेल्यामुळे दिवसभर चार घास खाणाऱ्या माणसाची प्रथिने कमी पडतात, आणि पासष्टीच्या पुढच्या माणसाला स्नायू गमावणे परवडत नाही. जिना चढण्याची, खुर्चीतून उठण्याची ताकद त्यातच असते. पुरेशी प्रथिने आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनांचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम यांनी हे नुकसान कमी करता येते. शिवाय मळमळ, बद्धकोष्ठता, पित्ताचे खडे यांवर लक्ष ठेवावे लागते. आणि औषध बंद करायची वेळ आली तर? वर सांगितलेल्या मुख्य चाचणीतल्या काही लोकांचे इंजेक्शन थांबवून वर्षभर पाहिले, तेव्हा उतरलेल्या वजनातले सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. भूक जागी झाली की तिला तोंड देण्याची तयारी आधी झालेली असेल, तर निदान माणूस निःशस्त्र नसतो. ती तयारी औषध सुरू असतानाच करावी लागते.

## ‘शेवटी वजन परत येतेच, मग पहिले पाढे पंचावन्न’

बऱ्याच जणांचे बरेचसे परत येते, हे खरे आहे. पण ‘सगळ्यांचे सगळे परत येते’ हे खरे नाही. मधुमेह असलेल्या ५,१४५ लोकांवरच्या, वर सांगितलेल्या दीर्घ चाचणीत आठ वर्षांनंतरही कार्यक्रमाच्या गटातील निम्म्या लोकांनी मूळ वजनापेक्षा किमान ५ टक्के कमी वजन राखलेले होते. उच्च रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब पुन्हा चढला, तर आपण गोळी निरुपयोगी होती असे म्हणत नाही. इथे मात्र सहा महिन्यांनी भेटी थांबवतो, वजन चढले की उपचाराला आणि त्याहून जास्त त्या माणसाला नावे ठेवतो. भेटी सुरू ठेवल्या तर चढण मंदावते, हे अनेक अभ्यासांतून दिसलेले आहे. कार्यक्रमांच्या रचनेतली सर्वांत मोठी त्रुटी मला हीच वाटते: उतरण्याच्या सहा महिन्यांवर सारी शक्ती खर्च होते आणि टिकवण्याच्या वर्षांसाठी माणसे नेमलेलीच नसतात.

## ‘म्हणजे दोष पुन्हा माणसाच्याच सवयींचा?’

नाही. वजनावर आनुवंशिकतेचा मोठा प्रभाव असतो. झोप, कामाच्या पाळ्या, ताण, आसपास मिळणारे स्वस्त आणि चटकदार अन्न, चालायला जागा नसणे, यांतले फारच थोडे एका माणसाच्या हाती असते. कार्यक्रम जे हाती आहे तेवढ्यापुरता मदत करतो. ज्या ठिकाणी वजनकाट्यावर उभे असताना टोमणा ऐकावा लागतो, तिथे लोक पुढची भेट चुकवतात आणि मग रक्तदाबाच्या, साखरेच्या तपासण्याही चुकतात. म्हणून वागणुकीतला आदर हा शिष्टाचाराचा भाग समजून चालणार नाही. तो उपचाराचाच भाग धरावा लागतो.

गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी, खाण्याशी संबंधित मानसिक विकार असलेल्यांनी वजन घटवण्याच्या कार्यक्रमात शिरू नये, त्यांच्यासाठी वेगळी देखभाल लागते. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा गंभीर आजार असलेल्यांनी आणि अशक्त वृद्धांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नये.

## कार्यक्रम निवडताना काय विचारावे?

पहिल्या महिन्यात किती किलो उतरतील, हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचे उत्तर द्यायला सगळेच तयार असतात. त्याऐवजी पहिल्या सहा महिन्यांत किती भेटी आहेत ते विचारावे. माझ्या औषधांच्या मात्रा कोण बदलणार, आणि रात्री साखर उतरली तर फोन कोणाला करायचा, हे नावानिशी विचारावे. काही विशिष्ट पावडरी किंवा पूरके त्यांच्याकडूनच विकत घेण्याची सक्ती आहे का, हेही विचारावे. असेल तर सल्ला देणाऱ्याचा आणि विक्रेत्याचा हिशेब एकच झालेला असतो. वजनाखेरीज काय मोजणार, या प्रश्नाला कंबर, रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, हाताची पकड किंवा खुर्चीतून उठण्याची चाचणी अशी उत्तरे यावीत.

आणि सर्वांत शेवटी, वजन पुन्हा चढू लागले तर तुमच्याकडे त्यासाठी काय व्यवस्था आहे, हे विचारावे. चांगल्या ठिकाणी याचे उत्तर आधीच कागदावर असते: राखलेल्या वजनापेक्षा दोन किलो वर गेले की स्वतःहून फोन करायचा, भेटी पुन्हा आठवड्यावर आणायच्या, वही पुन्हा सुरू करायची, औषधे आणि झोप पुन्हा तपासायची, आणि ‘मी नापास झालो’ असे वाटून घरी बसलेल्या माणसाला तिकडून फोन जाईल अशी सोय ठेवायची.